हजिऱ्यातला तेलकट पिस्टन

मिरजेहून ग्वाल्हेरला निघालो तेव्हा माझ्याजवळ दोन किलो चिवडा, एक कानटोपी आणि भरपूर आत्मविश्वास होता. चिवडा भोपाळच्या आधीच संपला. कानटोपी गाडीत राहिली. आत्मविश्वास तेवढा सुखरूप फलाटावर उतरला.

धुक्यात इंग्रिड उभी होती. ही नॉर्वेची, जनावरांच्या दवाखान्यातली निवृत्त नर्स. सांगलीत वर्षभर आमच्या शेजारी राहिली, तिथेच मराठी शिकली. मग किल्ला बघायला म्हणून ग्वाल्हेरला गेली आणि रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांत अडकली. आता तिला त्यांच्यासाठी संस्था काढायची होती, त्याच मदतीला मी आलो होतो. मराठी येत असल्यामुळे तिने कंपू नावाच्या भागात एका मराठी काकूंकडे वरच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. त्या खोल्यांत ती एक आणि कुत्रे आठ.

“या, बसा, चाय घ्या,” काकू म्हणाल्या. त्यांची कितवी तरी पिढी इथे नांदतेय. “बाई सोन्यासारखी आहे हो. पण ह्या कुत्र्यांनी परेशान करून टाकलंय. इतवारपर्यंत सगळे हटले पाहिजेत. नाही तर सडकेवर, समजले न?”

“पण संस्थेच्या कागदावर तुमची सही आहे ना, काकू?”

“सही दिली. घर थोडीच दिलं?”

संस्था नोंदवायला सात जण हवे होते. काकू धरून पाच जमले होते. जागा मात्र एकच मनासारखी होती: शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजिऱ्यात, एका गॅरेजमागे भिंत घातलेलं, पाण्याची टाकी असलेलं आवार. ते बब्बन मिस्त्रींचं. इंग्रिड तीनदा जाऊन आली होती. तीनदा तिला चहा मिळाला आणि ‘देखेंगे’ मिळालं.

“हे ‘देखेंगे’ माझ्यावर सोड,” मी म्हणालो. “परदेशी माणसाला इथली रीत कळायची नाही.”

हे वाक्य मी पुढे बरेच दिवस विसरायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी महाराज बाड्याच्या चौकाजवळ बेडई (उडदाच्या सारणाची टम्म पुरी) आणि झणझणीत आलूची भाजी खाल्ली. चार म्हणता म्हणता सात झाल्या. त्या जोरावर आम्ही ई-रिक्षाने हजिऱ्याला पोचलो. दारोदारच्या बकऱ्यांना जुने स्वेटर घातलेले. माझ्यापेक्षा त्या ऊबदार होत्या.

गॅरेजपुढे एक कुत्रा बसला होता. नखशिखांत काळा, तेलाने चकाकणारा, कुडकुडणारा. शेजारी एक मळका माणूस इंजिनाच्या जळक्या तेलाचा डबा आणि ब्रश घेऊन उकिडवा. माझं रक्त उसळलं. त्यात बेडईचाही हात असावा.

“शरम नहीं आती?” मी रस्त्याच्या मधोमध ओरडलो. “बेज़ुबान जानवर को काला पोतते हो? पुलिस बुलाऊँ?”

माणसं जमली. चहावाला पातेलं सोडून आला. “अरे भाईसाब, ये तो पिस्टन है! इन्हीं का पाला हुआ. खुजली हो गई है, दवाई लगा रहे हैं बेचारे.”

खरजेवर जळकं तेल चोपडायचं, हा इथला घरगुती इलाज होता. तरी मी आवरतो कसला?

“मालिक कहाँ हैं? हमें पीछे की जगह की बात करनी है.”

तो माणूस शांतपणे हात पुसत उठला. “मालिक ही बोल रहा हूँ. जगह नहीं है.”

चहावाल्याने विचारलं, “तो पुलिस के लिए भी चाय चढ़ाऊँ?”

परतताना इंग्रिडने ई-रिक्षा थांबवली, मला आधी आत बसवलं. मग म्हणाली, “भाऊ, तू छान बोलतोस. उद्या बोलू नको.”

इतवार, म्हणजे आपला रविवार, परवावर आला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारच्या उन्हात ती कोमट पाण्याची बादली आणि भांडी घासायचा साबण घेऊन गॅरेजसमोर जमिनीवर बसली. पिस्टन जवळ येईना. मी पकडायला गेलो, तर त्याने मला गटारापर्यंत नेलं आणि स्वतः बाजूला झाला. माझा पाय आत. मिस्त्री तासभर पान्याशी खटपट करत असल्यासारखं दाखवत होते. शेवटी आलेच.

“ऐसे नहीं पकड़ते,” म्हणाले आणि त्याला मांडीवर घेतलं. पिस्टन मेणासारखा मऊ. इंग्रिडने साबण लावला. काळं पाणी वाहू लागलं.

“तेल से फ़ायदा नहीं होता?” मिस्त्रींनी मला विचारलं, पण बघत होते तिच्याकडे.

इंग्रिड मराठीत बोलली. मी तेवढंच हिंदीत सांगितलं, पदरचं काही न घालता. आयुष्यात पहिल्यांदाच. ती म्हणाली, “माझे आजोबा मेंढ्यांच्या खरजेला डांबर लावायचे. त्यांचा फार जीव होता मेंढ्यांवर.”

“डामर!” मिस्त्री हसले. “फिर?”

“मेंढ्या अंग चाटायच्या. दोन मेल्या. आजोबा रडले.”

मिस्त्रींचं हसू गेलं. पिस्टनच्या जिभेकडे बघत राहिले. मग उठून तेलाचा डबा आत ठेवून आले. “बताओ, दवाई कौन-सी है?”

औषध कळल्यावर त्यांनी आवाराचं दार उघडलं. संस्थेच्या कागदावर सही केली, तीही ऐटीत. आता एक माणूस कमी होता. चहावाला पुढे सरसावला, पण मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं.

“इनका नाम लिखो. बाहर रहेंगे तो चिल्लाएँगे. अंदर रहेंगे तो कुत्ते नहलाएँगे.”

रविवारी आठही कुत्रे टेम्पोतून हजिऱ्याला गेले. काकूंनी जिना धुऊन काढला, उदबत्ती लावली आणि संध्याकाळी सवयीने कुत्रे धरून नऊ माणसांच्या पोळ्या केल्या. “आता ह्या पोहोचवणार कोण?” असं माझ्यावरच खेकसल्या. मीच पोहोचवल्या.

परतीच्या गाडीत समोरच्या बाईंनी नाकाला पदर लावला. साबण, तेल आणि ओला कुत्रा यांचा तो संमिश्र सुवास होता. इंग्रिडला इथली रीत शिकवायला मी हजार मैलांवरून आलो होतो. तिने शिकवणी न घेताच परीक्षा दिली आणि मला मागच्या बाकावर बसवून पास केलं. झाशीला फोन वाजला. मिस्त्री होते.

“मेंबर साहब, पहुँचे? पिस्टन ने आज ठीक से खाया.” लगेच पुढे म्हणाले, “आठ और नहाने वाले हैं. ग्वालियर वापसी की टिकट कब की है?”