पुलावरची अकरा मिनिटं

ब्रेक लावला तेव्हा ताडपत्री समोर ओव्हरहेड वायरला लोंबत होती. निळी, चादरीएवढी, कुठल्यातरी छपरावरून उडालेली. दुपारचे साडेतीन झाले होते. असल्फा स्टेशन मागे टाकून मी घाटकोपरकडे निघाले होते.

मी मेट्रो चालवते. चार डबे माणसं पाठीशी असतात, पण मधे दार बंद. आठ तासांच्या ड्यूटीत बोलणं होतं ते कंट्रोलशी. कंट्रोल म्हणजे सगळ्या गाड्यांवर नजर ठेवणारी खोली. त्या दिवशी तिथे कदमसर होते.

"वायरचा करंट कट केलाय," ते म्हणाले. "टीम निघालीय. दार कुणाला उघडू देऊ नका."

करंट गेला की एसी बंद. बॅटरीवर फक्त दिवे आणि थोडी हवा. प्रत्येक दारापाशी लाल हँडल असतं, ते ओढलं की दार हाताने उघडता येतं. पण एक जरी माणूस रुळावर उतरला, तर तो सापडेपर्यंत करंट परत देता येत नाही. सगळेच अडकतात. आणि पुलाखाली रस्ता आहे, चांगला तीन मजले खोल.

मी अनाउन्समेंट केली. पूर्वी घाटकोपर ते अंधेरी बसने तास-दीड तास जायचा, तेव्हा लोक निमूट बसायचे. आता पाच मिनिटंही जड जातात.

तेवढ्यात इंटरकॉमचा दिवा लागला. दुसऱ्या डब्यातून एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

"दार उघडा. माझा जीव घुसमटतोय. हँडल धरलंय मी."

"काका, हँडल सोडा. हवा चालू आहे. नाव काय तुमचं?"

"सावंत." मग त्यांनीच विचारलं, "तू खंयची गो, बाय?"

आईनंतर हा प्रश्न मला त्या सुरात कुणी विचारला नव्हता. "आईचं गाव कणकवलीजवळ. राहते विक्रोळीला."

"हात काढलंय. आता तू बोलत रव."

मी बोलत राहिले. गावचा ओढा, आईचं कुळथाचं पिठलं, काहीही. ते पण सांगत होते. बायको गेल्यापासून रोज दुपारी मेट्रोने फिरतात, घरात करमत नाही म्हणून. श्वास शांत झालेला मला ऐकू येत होता. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

"चौथ्या डब्याचा दिवा कधीपासून लागलाय," कदमसरांचा आवाज आला. "बघताय ना?"

मी बघत नव्हते. इंटरकॉमवर एका वेळी एकाच डब्याशी बोलता येतं.

"काका, पाच मिनिटांनी परत बोलते," म्हटलं आणि चौथा डबा घेतला. तिथे एका गरोदर बाईला चक्कर आली होती. तिला खाली बसवा, पाणी द्या, भोवतीची गर्दी हटवा, असं शेजारच्या मुलीला सांगितलं. ती बाई स्वतः "बरी आहे" म्हणाली, तेव्हाच मी तो कॉल बंद केला. मग घड्याळ बघून सावंतांना लावलं.

"मी हयच आसंय," ते म्हणाले. "हँडल नाय धरलंय."

अर्ध्या तासात ताडपत्री निघाली. घाटकोपरला त्या बाईसाठी व्हीलचेअर तयार होती. मी केबिनमधून प्लॅटफॉर्म पाहत होते. पांढऱ्या केसांचे चार-पाच जण जिन्याकडे गेले. त्यातले सावंत कोण, कळायला मार्ग नव्हता. केबिन सोडून जाता येत नाही. गेलेही असते, तर काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी कदमसरांनी रेकॉर्डिंग लावलं. "एका कॉलवर अकरा मिनिटं. त्यातली सात ती बाई थांबलीय. माणूस चौथ्या मिनिटालाच शांत झाला होता. मग पुढे तुम्ही कशासाठी बोलत होतात?"

"त्यांना एकटं वाटत होतं, सर."

कदमसरांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांना?"

लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

नव्या मेट्रो चालकांना मी आता एवढंच शिकवते. घाबरलेल्या माणसाला परत कधी बोलणार ते सांगा, सांगितलेली वेळ पाळा आणि कॉल बंद करा. तुम्हाला बोलावंसं वाटत असेल, तर ड्यूटी संपल्यावर कुणाला तरी फोन लावा.