हलिमाच्या अर्जावरचं सौदीचं तिकीट

इसहाकला चांदाची तारीख सांगा, तो बोटांची पेरं मोजून भरतीची वेळ सांगणार. मोरबेटावर जन्मलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. खाडीच्या मधोमध बेट. ओहोटी लागली की चहूकडे मांडीभर चिखल, होडी जागची हलत नाही.

सौदीतल्या रास तनुराच्या जेट्टीवर तो तेलाच्या जहाजांचे दोर बांधायचा. जहाज आठ तास उशिरा आलं, तर शंभर माणसं आठ तास ताटकळायची. जेवणाच्या वेळा बदलायच्या, पाळ्या बदलायच्या. पाण्याला कुणी हुकूम सोडत नसे. म्हणून तर गावाहून आलेली हलिमाची कॅसेट ऐकताना त्याचं डोकं फिरलं होतं.

हलिमा त्याची धाकटी बहीण. नवरा खाडीत बुडून गेला, पदरात दोन मुली. निराधार विधवांच्या पेन्शनीसाठी तिनं अर्ज टाकला. चौकशी तालुक्याला, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, अकराच्या आत. दोनदा ती पोचेपर्यंत दुपार झाली.

"भाय, मी म्हटलं, साहेब, पाणी नव्हतं," टेपमधून तिचा आवाज येत होता. "तर म्हणतो, पाणी नव्हतं तर चालत यायचं! सगळी माणसं हसली, भाय."

"साहेबाला एकदा चालवा त्या चिखलातून," खोलीतला उमाकांत म्हणाला. तो कणकवलीचा, इलेक्ट्रिशियन. "पायजम्यासकट."

इसहाक हसला नाही. त्याच शुक्रवारी त्यानं तहसीलदारांना पत्र लिहिलं. वर्षभराच्या चांदाच्या तारखा मांडल्या, प्रत्येकीपुढे बेटावरून होडी सुटायची वेळ लिहिली. यातला कुठलाही दिवस चौकशीला द्यावा, नाहीतर तलाठ्याला बेटावर धाडावं, ही विनंती. खाली ठळक सही: अर्जदाराचा सख्खा भाऊ, मुक्काम रास तनुरा. मुलुखातली कामं इथून अशीच व्हायची. पाकिटावर सौदीचं तिकीट दिसलं की गावचा पोस्टमनसुद्धा उन्हातून धावत यायचा. साहेबही नीट वाचेल, असं इसहाकला मनापासून वाटलं.

तीन महिन्यांनी बेटावरचाच मुस्तफा सुट्टीवरून परतला. हलिमानं त्याच्याकडे एक कागद दिला होता. उमाकांतनं तो मोठ्यानं वाचला.

"'अर्जदार यांचे सख्खे बंधू परदेशी नोकरीस असल्याचे त्यांच्या पत्रावरून व लिफाफ्यावरील तिकिटावरून निदर्शनास आले. सबब अर्जदार निराधार ठरत नाहीत. अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'"

"भरतीचं काय लिहिलंय?"

"काही नाही."

"मागे बघ."

"मागे कोरं आहे, इसहाकभाय."

इसहाकनं कागद हिसकावून स्वतः उलटा करून पाहिला. "तिकीट बघितलं! बारा महिने मोजून दिले, ते नाही बघितले. माझी चार पोरं, म्हातारी, बायको कुणाच्या जिवावर जगतात, ते नाही बघितलं. तिकीट बघितलं!" त्यानं लोखंडी कपाटाला लाथ घातली. "आणि चिकटवलं कोणी? मीच. थुंकी लावून!"

"हळू. शेजारी पाळी करून झोपलेत."

"उठू देत!"

मुस्तफा चपला शोधू लागला. दारात थांबून म्हणाला, "हलिमाला या कागदाचा अर्थ कळला नाही. भायनं काहीतरी केलंय, आता होईल, असंच म्हणत होती."

ते ऐकून इसहाक खाली बसला. त्यानं टेप पुढे ओढला. परवा गावाकडचा हाशम सुट्टीवर निघणार होता; त्याच्याबरोबर कॅसेट जाणार.

"सांगू नकोस तिला," उमाकांत म्हणाला. "सांग, कागद हरवले. सरकारात हरवतातच."

"खोटं बोलून पुन्हा सरकारलाच वाचवू?" त्यानं कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं. "हलिमा, अर्ज माझ्यामुळे बुडाला. माझं तिकीट बघून त्यांनी तुला श्रीमंत ठरवलं. पण तू नवा अर्ज टाकायचा. भाऊ आहे का विचारलं, तर आहे म्हण, त्याची चूल वेगळी म्हण. लपवायचं काही नाही. आणि एकटी जायचं नाही. ठकूबाई, अख्तरी, तुझ्यासारख्या बेटावर सहाजणी आहेत. चौकशीच्या आदल्या दिवशी, बुधवारच्या भरतीला सगळ्या एका होडीत बसा. रात्री कचेरीच्या व्हरांड्यात पथाऱ्या टाका. अकराच्या आत या म्हणतात ना? उजाडायच्या आत हजर राहा."

"पोलीस हाकलतील रे त्यांना."

"हाकलू देत. बायका निजल्यात कशाला, हे त्यांना आधी कागदावर लिहावं लागेल." मग त्यानं साहेबाला, त्याच्या खुर्चीला आणि त्या हसणाऱ्या माणसांना एकेक करून धुऊन काढलं.

"अरे, टेप चालू आहे," उमाकांत म्हणाला. "बहीण ऐकणार. मागे घे, शिव्या पूस."

"पुसायच्या नाहीत," इसहाक म्हणाला, आणि कॅसेटची दुसरी बाजू लावली.