नातीच्या पायात बुढीची चाल

माझी बुढी, म्हणजे बायको, डाव्या पायानं अधू होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बैलगाडीवरून पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि हाड बसवणाऱ्यानं ते आखूड बसवलं. तेव्हापासून चाळीस वर्षं तिची चाल एकच. उजवा पाय धप्पकन पडायचा आणि डावा मागून सर्र करत घासत यायचा. घरात कुठंही असलो तरी ती कुठं आहे ते मला कळायचं. त्या आवाजाचा मला राग यायचा, हेही लिहून टाकतो. पाय उचल ना जरा, म्हणून कितीदा तिच्यावर खेकसलो असेन.

यंदाच्या थंडीत ती गेली. दुपारी जेवून ओसरीवर लवंडली ती उठलीच नाही. मुलगा आणि सून वांग्याच्या वावरात होते, मी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बाजाराला गेलो होतो. घरात तिच्याजवळ फक्त नात होती, सवातीन वर्षांची. आम्ही आलो तेव्हा पोरगी तिच्या उशाशी बसून एका बोटानं तिची पापणी वर करत होती. सोडली की पापणी खाली यायची, की ही पुन्हा वर करायची. सुनेनं विचारलं काय करतं वं, तर म्हणाली, आजी उठून नाही राह्यली.

आमच्याकडं रीत आहे. जिथं जीव गेला तिथं त्या संध्याकाळी पीठ पसरतात, जवळ दिवा ठेवतात आणि टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलून पिठावर कशाचा ठसा उमटला ते पाहतात. त्यावरून मेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते सांगतात. माझ्या बापाच्या वेळी चिमणीचा पाय निघाला होता. बुढीच्या पिठावर लेकराचं पाऊल निघालं. डावं. टाच ओढल्यासारखी.

शेजारची म्हातारी बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग म्हणाली की बुढी कुठंच गेली नाही, घरातच आहे. नंतर सुनेनं मला गोठ्यामागं नेऊन सांगितलं की सकाळी पोरीच्या तळव्याला पीठ होतं, आपणच ते गुपचूप धुतलं. म्हणजे पाऊल पोरीचंच होतं. मी मान हलवली. पण मांजर येऊ नये म्हणून टोपल्यावर दगड मी स्वतः ठेवला होता, आणि सकाळी तो जागचा हलला नव्हता. आणि समजा उचललंच तिनं, तर पाय तिथंच काऊन टाकला? आणि डावाच काऊन?

तेरवी झाली, पाहुणे गेले. मी दुपारचा ओसरीवर पडून राहायला लागलो. झोप यायची नाही. डोळे मिटून पडायचं आणि काही पाहायचं नाही, एवढंच पाहिजे होतं. एका दुपारी तसाच पडलो होतो. गावात चिटपाखरू नव्हतं. आतल्या खोलीतून आवाज आला. धप्प. सर्र. धप्प. सर्र.

आवाज हलका होता, पण ताल तोच, मधली उसंत तीच. तो चुलीपाशी गेला, माठापाशी थांबला, वळला आणि माझ्या उशाशी येऊन उभा राहिला. मी डोळे उघडले. नात होती. डावा पाय मागं ओढलेला, हात कमरेवर. मला पाहून हसली आणि अंगणात पळाली. पळताना दोन्ही पाय बरोबर चालत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज. हळूहळू बाकीचंही आलं. पाय लांब करून बसायची आणि रिकाम्या सुपातले खडे निवडायची. नसलेला पदर डोक्यावर ओढायची. बुढी मला हाक मारायची ती 'काहो' म्हणून. आतापर्यंत मला आबा म्हणणारी पोरगी एकदा माझ्यासमोर पाण्याचा गडवा ठेवून म्हणाली, "काहो, पानी प्या." मी प्यायलो. गडवा रिकामा केला.

भ्यायला पाहिजे होतं. मी भ्यालो नाही, मला बरं वाटलं. आता खरं ते सांगतो. मीच तिला बुढीचं सूप काढून दिलं. बुढीला विचारायचो तसं तिला विचारायला लागलो, कांद्याला पाणी आज देऊ का उद्या देऊ. ती गंभीर तोंड करून म्हणायची, उनं उतरू द्या. बुढी हेच म्हणायची. तशी चालली की मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचो. सरळ चालली तर ठेवत नव्हतो.

अंगणवाडीत दर महिन्याला लेकरांचं वजन करतात, उंची मोजतात. मग बाई खेळ घेते. खडूनं गोल काढ, लाल मणी वेगळे कर, एका पायावर उभी राहा, पायरीवरून उडी मार. मी दारात बसून पाहत होतो. नातीनं गोल काढला, मणी सगळ्यांच्या आधी वेगळे केले, पाचपर्यंत मोजून दाखवलं. उडी मार म्हटल्यावर पायरीवर उभी राहिली, माझ्याकडं पाहिलं, आणि डावा पाय घासत एकेक पायरी उतरली. बाकीची लेकरं हसली.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "आबा, हीच पोरगी दिवाळीत या पायरीवरून उड्या मारत होती. या वयात अंगाले जे लावान ते लागते. अंगठ्याची कातडी पाह्यली का तिच्या? दवाखान्यात दाखवा. नाही तं मी येतो तुमच्या सुनेकडं."

मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीला अंगणवाडीत पाठवलं नाही. बाईला कळवलं तिला खोकला आहे. घरी सांगितलं बाई सुट्टीवर आहे. असे तीन आठवडे काढले. त्या तीन आठवड्यांत घरात दिवसभर तीच चाल होती. बाहेर कोणी हाक मारली तरी पोरगी माझ्याजवळून हलत नव्हती. मी नुसता पडून ऐकायचो.

एके दिवशी सून वावरातून लवकर आली. ओसरीच्या फरशीवर तिला बारीक लाल रेघ दिसली. ती रेघ माठापासून माझ्या खाटेपर्यंत आली होती. पोरीचा अंगठा सोलून रक्त निघत होतं आणि पोरगी तसाच पाय ओढत होती. रडत नव्हती. सुनेनं तिला उचललं, सूप कोपऱ्यात फेकलं. एवढ्या वर्षांत ती माझ्यापुढं मोठ्यानं बोलली नव्हती. तेव्हाही मोठ्यानं बोलली नाही.

"मामाजी, तुमाले तुमची बायको पाह्यजे. मले माही पोरगी पाह्यजे."

तिनं आधी कोणाकडून तरी मंतरलेला दोरा आणून पोरीच्या पायात बांधला. फरक पडला नाही. मग मुलानं तिला बुलडाण्याला दवाखान्यात नेलं, सून आणि मीही सोबत गेलो. डॉक्टरनं पाय वाकवून पाहिला, फोटो काढला. हाड चांगलं, नस चांगली. पण असंच ओढत राहिली तर पाय बारीक पडेल, गुडघा वाकडा वाढेल, मग दोरा काय, औषध काय, काहीच कामाचं नाही. ती कधी अशी चालते ते पाहा, म्हणाला. सून म्हणाली वावरात तर सशासारखी पळते, फक्त घरात असं करते. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दुपारी मी नेहमीसारखा पडलो, पण डोळे किलकिले ठेवले. पोरगी दारात आली. आधी तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. माझ्या छातीकडं, मग डोळ्यांकडं. मग पाय मागं टाकला आणि घासायला सुरुवात केली. अंगठ्याला पट्टी होती, तरी.

मी उठून बसलो. "काऊन चालतं वं अशी?"

"तुमी झोपता म्हनून."

"मंग?"

"आजीनं डोये नाई उघडले. मी असी चालली का तुमी उघडता."

तेव्हा मला आठवलं, तेरवीनंतरच्या दिवसांत ती माझ्या पापण्यांना बोट लावायची आणि मी हात झटकायचो. आबा आबा म्हणायची, मी वळत नव्हतो. तिनं सगळं करून पाहिलं असेल. मग कोणत्या आवाजाला हा माणूस डोळे उघडतो, ते त्या एवढ्याशा डोक्यानं शोधून काढलं. पोरगी रोज दुपारी मला मरणातून उठवत होती, आणि मी जागाच होतो. गुळाची वेळ येईपर्यंत तिला पाय घासू देत होतो.

त्या दिवसापासून मी दुपारी आडवा झालो नाही. भिंतीला टेकून बसतो, डोळे उघडे. अंगणात कोळशानं चौकटी आखल्या आणि एका पायावर कशी उडी मारायची ते तिला दाखवलं. खांब धरून दाखवलं, तरी पडलो. सून दारातून पाहत होती, हसली नाही, पण चहा आणून दिला. पोरगी आधी डावा पाय टेकायलाच तयार नव्हती. मग एक उडी, मग दोन. पाऊस लागायच्या आत ती अंगणवाडीच्या पायरीवरून उडी मारायला लागली होती. बाईनं वहीत काहीतरी लिहिलं. माझ्याशी बोलली नाही.

त्या आवाजाचं काय सांगू. दर उडीसोबत तो घरातून थोडा थोडा जात होता. मीच घालवत होतो, आणि आता तो ऐकायला जगात दुसरी जागा नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी बसल्या बसल्या माझी मान खाली आली होती. डोळे उघडेच होते, पण तिला दिसले नसतील. ती उंबऱ्यावर उभी होती. डावा पाय मागं गेला. मी मान वर केली. तिनं माझे डोळे पाहिले, पाय उचलून सरळ टेकवला. मग मान वळवून मागच्या रिकाम्या खोलीकडं पाहिलं आणि मोठ्या बाया एकमेकींना सांगतात त्या सुरात म्हणाली, "उठले वं. राहू दे आता."

आणि उड्या मारत अंगणात गेली. कोणाला म्हणाली ते मी तिला विचारलं नाही, आणि खोलीकडं पाहिलंही नाही.