वेगळा टॉवेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ऐकायला किरकोळ वाटेल — घरात नायटा झाला होता, एवढंच. पण तो आधी मला झाला होता.

कंबरेवर, पट्ट्याखाली. ऑफिसात खाजवायची सोय नाही, घरी सांगायची लाज. मेडिकलवाल्यानं दिलेलं मलम लावलं की खाज थांबायची, बंद केलं की चट्टे आणखी पसरायचे. शेवटी धायरीहून थेट शनिवार पेठेतल्या स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो — आपल्या भागात कुणी पाहिलं तर? त्यांनी ते मलम थांबवलं. दुसरं दिलं, शिवाय पोटात घ्यायच्या गोळ्या. बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत, म्हणाले, आणि टॉवेल वेगळा ठेवायचा. मग म्हणाले, "मिसेसना घेऊन या. त्यांनाही असेल, तर दोघांनी एकदमच औषध घ्यायला हवं."

मी सांगितलं, माझं लग्न झालेलं नाही.

का सांगितलं? आजही कळत नाही. माझी बायको वैशाली तेव्हा नुकतीच माहेरून, वर्ध्याहून परतली होती. तिच्या दंडावर उठलेला लालसर गोल चट्टा मी त्याच सकाळी पाहिला होता.

गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या, नेमानं घेतल्या, बरा झालो. तिचे चट्टे मानेपर्यंत गेले. तेवढ्यात गौरी आल्या. आईनं तिला पुरणाला हात लावू दिला नाही. "माहेरून बरंच काही आणलंस गं," आई म्हणाली, अगदी शांतपणे. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून तासभर भांडणारा मी — मी पानं मांडत राहिलो. त्या वर्षी तिनं गौरींना दारातूनच हात जोडले.

पुढे मीच तिला डॉक्टरांकडे नेलं — दुसऱ्या, अर्थात. औषध पूर्ण घेऊन तीही बरी झाली. पण आईचं म्हणणं तिला खरंच वाटलं होतं. तिनं वर्ध्याला फोन करून घरात कुणाला असलं काही आहे का, विचारलं. तिच्या आईनं फोन माझ्याकडे द्यायला लावला आणि माझी माफी मागितली.

मी मोठ्या मनानं म्हणालो, असू द्या, होतं असं.

वैशाली अजून माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घालते. माझ्यामुळे तुम्हाला नको व्हायला, म्हणते.