भावजींचा पांढरा रुमाल

पडदा वर जातो. उजवीकडे खिडकी, खिडकीतून आत आलेलं सकाळचं ऊन, मधोमध खुर्चीच्या पाठीवर चढवलेला आकाशी स्वेटर आणि त्याच्यासमोर तीन पायांच्या स्टँडमागे वाकलेले आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर. जन्मभर लग्नांचं शूटिंग केलेला माणूस. रंगमंचावर मी पुष्कळ नट पाहिले, पण खिशातून रुमाल काढावा तो भावजींनीच.

रुमालाला कारण होतं. कॅमेरा तसा भोळा. ‘हे पांढरं’ असं त्याला आधी दाखवावं लागतं, मग त्यावरून तो बाकीचे रंग ठरवतो. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. भावजी भिंगासमोर रुमाल धरत, बटण दाबत आणि घडी करून तो परत खिशात ठेवत. रुमाल धुणारी माझी धाकटी जाऊ. तिच्या धुण्याचं अख्ख्या इमारतीत नाव. माझे नाटकातले पांढरे कपडेही तीच नीळ घालून धुवायची. रंगमंचाच्या पिवळ्या उजेडात ते असे झळकत की पहिली टाळी त्यांनाच पडे.

हल्ली धाकटीने घरबसल्या स्वेटर विकायला घेतले होते. ती विणायची, भावजी व्हिडिओ काढायचे, लोक तो पाहून मागवायचे. आणि परत पाठवायचे. एका बाईंना पिस्ता रंग दिसला होता, हाती आला आकाशी. एका गृहस्थांनी सायीचा रंग पाहून मागवला, निघाला पांढराशुभ्र. धाकटीने निक्षून सांगितलं, आता आणखी एक परत आला की सुया पेटीत आणि लोकर शेजारणीला. वर टोमणा होताच, की जन्मभर नवऱ्या टिपल्या पण या माणसाला रंग काही कळले नाहीत.

भावजींना ते लागलं. त्यांच्या व्हिडिओत नवऱ्या कायम सोनेरी दिसायच्या, लोक खूश व्हायचे. पण नवरी कोणी परत पाठवत नाही. स्वेटर पाठवतात.

तर त्या सकाळी चहा पिऊन त्यांनी बशी ठेवली ती नेमकी टेबलावर पसरलेल्या रुमालावर. आणि पाहतच राहिले. पांढऱ्या बशीखाली रुमाल चक्क निळा दिसत होता. इतकी वर्षं कॅमेरा त्या निळीलाच पांढरं समजत आला आणि ती झाक मारायला साऱ्या जगाला कावीळ करत आला.

“वहिनी,” ते कुजबुजले, “हे तिला सांगणार कोण?”

मी राण्या केल्यात, चेटकिणी केल्यात. ही भूमिका नको म्हटलं.

मग त्यांनी बशी धुतली, पुसली, भिंगासमोर धरली आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा आकाशी आकाशी झाला. तेवढ्यात धाकटी आली. तिने पडदा पाहिला, खुर्ची पाहिली, पुन्हा पडदा पाहिला. हा व्हिडिओ आजच पाठवून द्या लोकांना, म्हणाली, आणि पुढच्या स्वेटरची लोकर काढायला वळली. वळता वळता तिची नजर बशीवर पडली.

“अहो, माझा रुमाल असताना ही बशी कशाला?”

मी हळूच दाराकडे सरकले. भावजींनी रुमालाची चार वेळा घडी केली, खिशात ठेवला आणि वरून थोपटला.

“अगं, तुझा रुमाल पांढऱ्याहून पांढरा आहे. या कॅमेऱ्याला तेवढं झेपत नाही.”