भुंग्यावरचा वाद

शाळेत मी संस्कृत शिकवायचो आणि सर हिंदी. बी.ए.ला त्यांनी पालीही घेतली होती, त्यामुळे मधल्या सुट्टीत भुंग्यावरून आमची रोज जुंपायची. मी तापट. माझा आवाज चढला की ते गुपचूप चहाची बशी माझ्याकडे सरकवायचे.

माझा संस्कृतातला भुंगा रसिक. कमळात शिरतो, संध्याकाळी पाकळ्या मिटतात, आणि एरवी लाकूड पोखरणारा हा गडी प्रेमापोटी पाकळी काही कुरतडत नाही. हिंदीतला भुंगा लबाड, या फुलावरून त्या फुलावर जाणारा आणि कृष्णाच्या वाटची गोपींची बोलणी खाणारा. सरांचा जीव मात्र पालीतल्या भुंग्यावर. तो फुलाच्या रंगाला, वासाला धक्का न लावता रस घेतो आणि निघून जातो. भिक्खूनंही गावात तसंच वागावं म्हणे. "असला मिळमिळीत भुंगा काय कामाचा?" असं मी म्हणायचो. ते नुसते हसायचे.

सर बौद्ध, पूर्णेकडचे. आमच्या गावात खोली मिळायलाच त्यांना वर्ष लागलं होतं. तिथं ते, बायको आणि तान्ही मुलगी राहत.

अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत दलितांची घरं जळायला लागली. एका सकाळी घरमालक शाळेतच आला.

"मास्तर, माजं काय म्हननं न्हाई. पर पोरं लय बिथरल्यात. दोन दिवसांत खोली मोकळी करा."

सरांच्या गावाकडची वस्तीही तेव्हा धास्तीतच होती. आमच्या घरी दोन खोल्या रिकाम्या होत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते मागणार नव्हते. मलाच बोलायला हवं होतं.

जेवताना मी वडिलांपाशी विषय काढला. ते म्हणाले, "खोल्या हायत, न्हाई कोन म्हनतंय? पर उद्या चार जनं चालून आले, तर दारात तू उभा ऱ्हाशील का?"

मी मान खाली घालून जेवत राहिलो. वर्गात श्लोक म्हणताना खिडक्या हादरवणारा मी, मला साधं हो म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हणालो, "घरचे ऐकत नाहीत." वडिलांचा प्रश्न सांगितला नाही.

त्यांनी चहाची बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "सर, तुमचा तो कमळातला भुंगा. मला वाटतं, तो भ्यालेला असेल."

मला राग आला. पण त्यांच्यावर काढण्यासारखा तो नव्हता.

निघायच्या दिवशी त्यांच्या बायकोनं खोली झाडून सारवून दिली. घरमालकीण दारात उभी राहून बघत होती. "भितीला एक खिळाबी ठोकला न्हाई यांनी," ती मला म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

परभणीत त्यांच्या मेव्हण्याची खोली होती. एसटी फाट्यावर थांबायची, म्हणून मी त्यांची ट्रंक खांद्यावर घेतली. मुद्दामच शेतातल्या पायवाटेनं नेलं; जवळची वाट आहे, असं सांगितलं. चिखल तुडवत त्या बाई मुलीला घेऊन मागून येत होत्या.

एसटी आली. सरांनी माझे दोन्ही हात धरले. "एवढं कुणी करत नाही, सर," म्हणाले.

आम्हाला बरोबर जाताना कुणी पाहिलं नाही, याचंच मला तेव्हा बरं वाटत होतं.