एकाची की दोघांची

आमच्या भावोजींना कुणी नवा माणूस भेटला, की नमस्कार-चमत्कार झाल्यावर ते म्हणायचे, "काही लागलं तर या, संकोच करू नका." यात वाईट काही नाही. पण त्याआधी, आपण शहराच्या दफनभूमी खात्याचे अधीक्षक आहोत, हे त्यांनी सांगून टाकलेलं असायचं. समोरच्याचा चेहरा उतरायचा. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, बाजूला उभी राहून माझ्याकडे बघायची आणि हसू दाबायला आम्ही दोघी बहिणी दुसरीकडे तोंड करायचो. यात हसण्यासारखं काय आहे ते भावोजींना शेवटपर्यंत कळलं नाही. पाणीपुरवठ्याचा माणूस असंच म्हणतो तेव्हा तुम्ही हसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी शिवणाचं दुकान चालवते. माझ्या जिभेबद्दल गिऱ्हाइकं काय बोलतात ते मला ठाऊक आहे, तेव्हा स्वभावाचं वर्णन करत बसत नाही. ताईला मूलबाळ नव्हतं. मला नवरा होता, पण टिकला नाही. त्यामुळे ताईच्या घरी रात्रीच्या जेवणाला तिसरं ताट कायमचं माझं. भावोजी जेवताना खात्यातल्या गोष्टी सांगायचे आणि ताई म्हणायची, "अहो, निदान भात संपू दे."

जुनी दफनभूमी माझ्या दुकानाच्या मागच्याच गल्लीत. भिंत, फाटक, फाटकाशी एक खोली आणि त्या खोलीला एक खिडकी. अर्ज, चौकशा, भांडणं, सगळं त्या खिडकीतून. लोकांना वाटतं, तिथे काम मेलेल्यांचं असतं. मेलेल्यांचं काम एका सकाळीत आटपतं. पुढची कित्येक वर्षं जिवंतांना सांभाळायचं असतं. नवी माती बसते, खळगा पडतो, त्यात पाणी साचतं आणि घरचे लोक येऊन विचारतात की आमचेच का खचले. दगड कलतात. झाडाची मुळं कुणाच्याही हद्दीत शिरतात. झाऱ्या चोरीला जायच्या म्हणून भावोजींनी त्या साखळीने नळाला बांधल्या, तर कुणीतरी नळासकट नेल्या. दोन घरांचं एका कुंडीवरून वाजलं होतं. एकीचं म्हणणं, दुसरीची कुंडी आमच्या सासऱ्यांच्या पायावर येते. भावोजींनी "पाहणी करून कळवतो" म्हटलं आणि खरोखरच टेप घेऊन पाहणीला गेले. कुंडी येत होती. त्यांनी तसं लेखी कळवलं.

खिडकीत बसायला एक मुलगी होती. तिचं नाव काहीही असो, तिला सगळे खिडकीवाली म्हणत. भावोजींनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला एकच प्रश्न दोनदा विचारायचा नाही. जे उत्तर येईल ते खरं धरायचं आणि कामाला लागायचं. दुःखात माणसाला पुन्हापुन्हा बोलायला लावणं हा छळ आहे, असं ते म्हणायचे, आणि ते बरोबरच होतं.

खिडकीत विचारायचे प्रश्नही मोजकेच. त्यातला एक असा: "एकाची की दोघांची?" याचा अर्थ मला नंतर कळला. नवरा-बायकोला एकाच ठिकाणी ठेवायचं असेल तर कबर पहिल्याच वेळी जास्त खोल खणतात. आधी गेलेलं माणूस खाली, मागून येणारं वर. एकाची म्हणून खणलेली कबर मात्र दुसऱ्यासाठी पुन्हा उघडता येत नाही, कारण वर पुरेशी मातीच उरत नाही. हा नियम भावोजींनीच घालून दिलेला, आणि त्यातून त्यांनी कुणाला सूट दिली नाही. मोठमोठ्यांचे फोन यायचे. भावोजी फोनवर नियम वाचून दाखवायचे, आणि पलीकडचा बोलू लागला की पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

ताई दुपारी पडली होती ती उठलीच नाही. मी दुकानातून धावत गेले. मला त्या दिवसाचं फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की भावोजी स्वतः खिडकीशी गेले, पण आतून नाही, बाहेरून. रांगेत उभे राहिले. पुढचा माणूस ओळखून म्हणाला, "साहेब, तुम्ही व्हा पुढे." भावोजी म्हणाले, "नको, तुम्ही आधी आलात." मी शेजारी होते. त्यांची पाळी आली तेव्हा खिडकीवालीचे डोळे भरलेलेच होते. तिने शिकवल्याप्रमाणे विचारलं, "साहेब, एकाची की दोघांची?"

"एकाची," भावोजी म्हणाले. "एकटीच गेलीये ती."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं ते मी सांगितलंच आहे.

जुन्या दफनभूमीत तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा उरल्या होत्या, त्यातली एक ताईला मिळाली. भिंतीकडेची, झाडाखालची. पुढे थोड्याच दिवसांत जुनी भरली आणि पालिकेने खाणीच्या पलीकडे नवी जमीन दिली. खिडकी मात्र इथेच राहिली. तिकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात. सगळीकडे उघडंबोडकं माळरान आणि पिंजऱ्यात लावलेली गुडघ्याएवढी रोपं. तिथे पहिला नंबर कुणालाच नको होता. "आमचे वडील तिकडे एकटे कसे राहतील?" असं लोक विचारायचे. भावोजी म्हणायचे, "सुरुवातीला जरा शांत वाटेल. पुढे गर्दी होते."

मी रोज दुपारी दुकान बंद करून ताईपाशी जाऊन बसू लागले. नुसतं बसणं मला जमत नाही, म्हणून तुरपाईचं काम बरोबर न्यायची. हात चालू ठेवून गिऱ्हाइकांच्या चहाड्या तिला सांगायची. फाटकातून जाताना भावोजी खिडकीत दिसायचे. मान हलवायचे. ते स्वतः कधी येतात ते मला माहीत नव्हतं.

मग एकदा ते दिसले. ताईची कबर आणि तिच्या शेजारी एक निवृत्त मास्तर होते त्यांची कबर, या दोहोंच्या मध्ये भावोजी टेप धरून ओणवे झाले होते.

"काय बघताय?" मी विचारलं.

"निचरा," ते म्हणाले. "पाणी तुंबतं का बघतोय."

मी माप घेणारी बाई आहे. भावोजी अंगाने किरकोळ, पण ती फट छत्री ठेवण्याइतकी होती. निचऱ्याला कुणी जमिनीचं माप खांद्याच्या रुंदीने घेत नाही.  पण तेव्हा मला नीट काही समजलंच नव्हतं.

समजलं ते खिडकीवालीकडून. ती कोटाचं अस्तर बदलून घ्यायला दुकानात आली आणि रडायलाच लागली. म्हणाली, एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले होते. त्यांना विचारलं, एकाची की दोघांची, तर ते म्हणाले, "अहो, एकटीच गेलीये." साहेब आतून उठून आले आणि समजावून सांगायला लागले, "बाबा, किती माणसं गेली असं नाही विचारत आम्ही, पुढे तुम्हालाही..." आणि तिथेच थांबले. मग बाहेर जाऊन नळाखाली हात धूत राहिले. कितीतरी वेळ.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रश्नच बदलला. आता कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट विचारायचं, असं ठरलं: "पुढे तुम्हालाही इथेच यायचं आहे का?" एका तरण्याबांड माणसाची बायको गेली होती, त्याने हे ऐकून खिडकीतून हात घालून भावोजींची कॉलरच धरली. कॉलर तशीच धरलेली असताना भावोजी म्हणाले, "घाई नाही, सवडीने सांगा." त्यानंतर जुना प्रश्न परत आला.

ज्या माणसाने आयुष्यभर हा प्रश्न शहराला विचारला, त्याने स्वतःच्या वेळी चुकीचं उत्तर दिलं, आणि त्याच्याच दोन नियमांनी ते उत्तर पक्कं केलं. आता ताई झाडाखाली आणि मेल्यावर भावोजी खाणीच्या पलीकडे. मला त्यांचा इतका राग आला, की खिडकीवालीच्या कोटाला मी अस्तर उलटं लावलं.

मला एक आशा होती. खोदाईवरचा मुकादम भावोजींबरोबर तरुणपणापासून होता. त्याच्यासारख्या जाणत्या माणसाने, साहेब काही बोलले तरी, खड्डा थोडा खोल घेतलाच असेल. मी त्याला गाठलं.

"मुकादम, खरं सांगा. माझ्या बहिणीची किती खोल आहे?"

"एकाची आहे, बाई."

"पण तुम्हाला ठाऊक होतं ना, हे दोघं..."

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण साहेबांनी एकाची सांगितली. आजवर त्यांनी सांगितल्यापेक्षा वीतभर कमी नाही खणली आणि वीतभर जास्त नाही. त्या दिवशी कशी खणणार?"

त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. तरी मी चिडले.

वाट एकच होती, आणि तीही खिडकीवालीनेच सांगितली. जवळच्या रक्ताच्या नात्याने अर्ज केला तर मयताला दुसरीकडे हलवता येतं. नव्या जमिनीत जागाच जागा. तिथे दोघांची खोल खणायची, ताईला खाली ठेवायचं आणि वरचं भावोजींसाठी राखायचं. पण अर्ज रक्ताच्या नात्याचाच हवा, आणि ताईच्या रक्ताचं आता या जगात मी एकटी. "साहेब तुम्हाला कधी विचारणार नाहीत," ती म्हणाली.

विचारणार नाहीत हे खरंच होतं. आणि विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हेही खरं. ताईला तिकडे नेलं म्हणजे माझी दुपार गेली. मेल्यावरसुद्धा बाईने नवऱ्याच्या मागे बदलीवर जायचं? असं मी ताईलाच विचारलं. बरेच दिवस विचारत होते. भावोजी खिडकीतून मान हलवत होते आणि दिवसेंदिवस त्यांचे कपडे त्यांना ढगळ होत चालले होते. शिवणाऱ्या बाईला ते आधी दिसतं. शेवटी एका दुपारी तुरपाई दुकानातच ठेवली आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

खिडकीवाली जेवायला गेली होती. आत भावोजी. त्यांनी अर्ज घेतला, चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मयताशी आपलं नातं?" त्यांनी विचारलं.

आयुष्यात त्यांनी मला "आपण" म्हटलं नव्हतं.

"सख्खी बहीण," मी म्हटलं.

"हलवण्याचं कारण?"

"मयताचा नवरा वेंधळा आहे."

"नवऱ्याची संमती लागेल."

"त्याला विचारा."

भावोजी अर्जाकडे बघत राहिले. बहुधा विचारत असावेत. मग त्यांनी अर्ज घडीवर घडी घालून माझ्याकडे सरकवला.

"नामंजूर," ते म्हणाले.

"का?"

"अर्जदाराला लांब पडेल."

"अर्जदार बघून घेईल काय ते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "तुम्ही नियम दाखवा. अर्जदाराला लांब पडतं म्हणून नाही म्हणायचं, असं कुठे आहे?"

"कुठेच नाही."

"मग?"

त्यांनी चष्मा काढला. "तू रोज येतेस," ते म्हणाले. "मी बघतो ना इथून. शिवतेस, तिच्याशी बोलतेस, मधेच हसतेस. तिकडे दोन बस बदलून कोण रोज येणार आहे?"

"आणि तुम्ही? तुम्ही तिकडे एकटे पडाल त्याचं काय?"

"अगं, मला काय कळणार आहे तेव्हा, मी कुठे आहे ते? इतकी वर्षं झाली, आतल्या एकानेही तक्रार केलेली नाही. तुला मात्र रोज कळेल, ती इथे नाही म्हणून." त्यांनी चष्मा परत लावला. "जा आता. मागे लोक उभे आहेत."

मागे कुणीही नव्हतं. मी तिथून निघाले, ताईपाशी जाऊन बसले आणि पोटभर रडले. शिवायला काही आणलं नव्हतं, त्यामुळे हात मोकळेच होते. संध्याकाळी फाटक बंद करायच्या वेळेला भावोजी आले. माझ्या शेजारी, पण जरा अंतर ठेवून, गवतावर बसले.  घरी गेल्यावर त्यांनी भात लावला आणि तो करपवला.

निवृत्त झाल्यावर ते फार दिवस राहिले नाहीत. नियमाप्रमाणे त्यांना खाणीच्या पलीकडे जागा मिळाली. ताईकडे मी अजूनही दुपारची जाते. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवते आणि छत्री घेऊन भावोजींकडे जाते, कारण तिथली झाडं अजून सावली देण्याइतकी झालेली नाहीत. पहिली बस मिळते, दुसरीचा भरवसा नसतो. गिऱ्हाइकं कुरकुर करतात. पहिल्यांदा गेले तेव्हाच मी भावोजींना सांगितलं, की तुम्ही दिलेलं कारण बरोबर होतं, फार लांब पडतं. दर आठवड्याला जाऊन तेच सांगते.